कानातलं बूच

पंचाला शिव्या देणं हा आपल्याकडचा फुकटातला आनंद आहे. सिनेमाला तिकीट लागतं, सर्कशीला लागतं. मैदानाच्या कडेला उभं राहून पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला काही म्हणता काही लागत नाही. त्यातून खेळ नेटबॉल असला, पंच बाई असली आणि तीही हौशी असली, म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी, तर मग लोकांच्या जिभेला हाडच उरत नाही.

धानोलीची मोनाली कापगते वीसेक वर्षं या भाकऱ्या भाजत होती. बाजारओळीत तिचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं. आठवडाभर ब्लाउज आणि कुर्ते शिवायचे, आणि शनिवार-रविवारी पांढरी पँट, पांढरा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी अडकवून वैनगंगेच्या दोन्ही काठांवरची गावं पालथी घालायची. खेळाडूंच्या छातीवर बांधायच्या, जागा सांगणाऱ्या अक्षरांच्या बिबसुद्धा तीच शिवून द्यायची. नवरा म्हणायचा, "मैदानात तुले कोनी काय दिलं आजवर?" ती म्हणायची, "तुम्ही तरी काय दिलं?" आणि तो विषय तिथंच मिटायचा.

नेटबॉल ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. सात-सात खेळाडू, उंच खांबावर रिंग, मागे फळी नाही. चेंडू हातात आला की पळायचं नाही, अंगाला अंग लावायचं नाही. कोणाला लागलं तर खेळाडूने 'टाइम' ओरडायचं आणि पंचाने शिट्टी मारून खेळ थांबवायचा. पंच दोन असतात आणि मैदान दोघी अर्धं अर्धं वाटून घेतात. ही वाटणी देवळातल्या शपथेसारखी पाळली जाते: दुसरीच्या अर्ध्यात शिट्टी वाजवायची नाही. तिचं चुकतंय असं दिसलं तरी नाही. तिने विचारलं तरच तोंड उघडायचं.

मोनालीच्या समोरचं अर्धं नेहमी सारिका हटवारचं असायचं. सारिका पंचायत समितीत नोकरीला, मोनालीपेक्षा दोन वर्षांनी मोठी, बोलायला तिखट. दोघी शाळेत एका संघात खेळल्या आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर एकाच दिवशी पंचाची परीक्षा पास झाल्या. सामना सुरू होण्याआधी दोघी आपापल्या शिट्ट्या एकमेकींवर टक्कन आपटायच्या. मध्यंतरात सारिका पिशवीतून एक संत्रं काढायची, सोलायची आणि अर्धं मोनालीच्या हातावर ठेवायची. इतकी वर्षं त्यात खंड पडला नव्हता.

पिपरगावच्या त्या अंतिम सामन्यानंतर मात्र मोनालीने शिट्टी खुंटीला टांगली होती. उन्हाळ्यात आमच्याकडे लोक पाण्याच्या बाटल्या बर्फ करून सोबत आणतात. तसली एक गोठलेली बाटली गर्दीतून भिरभिरत आली आणि तिच्या डाव्या भुवईवर बसली. घरच्या संघाविरुद्ध तिने दिलेला एक निर्णय लोकांना रुचला नव्हता, एवढंच कारण. सारिकाने तिला शाळेच्या मोरीत नेऊन केसांतलं रक्त धुतलं, स्वतःच्या ओढणीने डोकं बांधलं आणि मागून गर्दी ओरडत येत असताना तिला स्वतःच्या आड धरून बसस्टँडपर्यंत आणलं. टाके सुटले, पण मोनालीच्या मनातली भीती काही सुटेना. मैदानाजवळून जाताना नुसता गलका ऐकला तरी तिच्या तळहातांना घाम फुटायचा.

एवढ्या वर्षांत तिच्यासारख्या कितीतरी जणी पंचगिरी सोडून घरी बसल्या. पंचच मिळेनात तेव्हा लीगला जाग आली. पंच सुरक्षा व कल्याण समिती स्थापन झाली आणि तिची सचिव झाली सारिका. पहिल्याच महिन्यात ती मोनालीच्या दुकानात आली आणि कापडाच्या तुकड्यांवर एक डबी ठेवली.

"हे घालून पाहा वं," ती म्हणाली.

डबीत करड्या रंगाच्या दोन गोळ्या होत्या, करंगळीच्या टोकाएवढ्या. कंपनीने त्यांचं नाव 'कर्णकवच' ठेवलं होतं. पंच बायकांनी आठवड्याच्या आत त्याचं 'बूच' करून टाकलं.

बूच कानात गेलं की बाहेरचा आवाज थेट आत येतच नाही. आधी तो बुचातल्या बारीक मायक्रोफोनवर पडतो. आतली चिप त्या आवाजाची फोड करते. चेंडूचा टप्पा वेगळा, बुटांची करकर वेगळी, शिट्टी वेगळी, माणसांचे गळे तर एकेक करून वेगळे. बाईने धान्य पाखडावं तसं ती आवाज पाखडते, हवं ते कानात सोडते आणि नको ते उडवून लावते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, त्यामुळे मागेपुढे झाल्याचं कळतही नाही. शिवाय कानाच्या पाळीतून ते नाडी मोजतं आणि गर्दी तापायला लागली तर आयोजकांच्या फोनवर आधीच इशारा धाडतं.

मोनालीने बूच घालून पहिला सामना घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शिव्या नव्हत्याच. लोकांची तोंडं हलताना दिसत होती, पण कानावर येत होता तो फक्त खेळ आणि थोडासा सौम्य गलबला, जसा लांबच्या जत्रेचा असतो. शाळेत असताना खेळायची तसं तिला मोकळं वाटलं. सामना संपल्यावर तिने सारिकाला सगळ्यांसमोर मिठी मारली.

त्या हंगामात लीगमध्ये एकाही पंचाला साधा धक्का लागला नाही. वर्तमानपत्रांत सारिकाचा फोटो आला. दुसऱ्या जिल्ह्यांतून फोन आले. मोनालीची भीती पार पळाली.

मग मार्चमध्ये धानोलीच्या मैदानावर उपांत्य सामना झाला. समोर बेलघाटचा संघ होता. बेलघाट नदीपलीकडे, जंगलाच्या कडेला. तिथल्या पोरी काटक, आणि त्यांच्यातली बचाव करणारी सान्वी मडावी तर अशी उडी मारायची की धानोलीच्या गोल टाकणाऱ्या मुली चेंडू फेकायच्या आधी दोनदा विचार करायच्या.

शेवटच्या क्वार्टरमध्ये गुण बरोबरीत होते. मोनालीच्या अर्ध्यात, रिंगखाली सान्वीने उडी मारून चेंडू हिसकावला आणि मधल्या भागात फेकला. चेंडू निघाला तशी मोनालीही कडेच्या रेषेने त्याच्यामागे धावली. रिंग तिच्या पाठीमागे राहिली. मधे धानोलीच्या मुलीने चेंडू अडवला आणि लगेच उलटा, लांब, रिंगकडे टाकला. मोनाली गर्रकन वळली. धानोलीची मुलगी उडी मारून चेंडू झेलत होती. तिच्या खाली जमिनीवर कोणीतरी पडलेलं आहे हे मोनालीला दिसलं तेव्हा उशीर झाला होता. ती मुलगी सगळ्या वजनानिशी सान्वीच्या गुडघ्यावर आली.

मोनालीने शिट्टी मारली. सान्वी ओरडत नव्हती. ती नुसती मोनालीकडे बघत होती.

बेलघाटचे प्रशिक्षक रामटेके सर मैदानात धावत आले. पोरीला स्ट्रेचरवर ठेवल्यावर ते मोनालीजवळ थांबले. "मॅडम, ऐकू आलं नाही, की ऐकायचं नव्हतं?" एवढंच विचारून ते गेले. सामना धानोलीने जिंकला. मध्यंतरातलं संत्र्याचं अर्धं मोनालीच्या खिशात तसंच राहिलं होतं, ते तिने घरी जाऊन फेकलं.

रामटेके सरांचं वाक्य काही डोक्यातून जाईना. मोनालीने दोन दिवस शिवणयंत्रावर बसून बघितलं, एक बाही उलटी जोडली, दुसरी फाडली. शेवटी दुकानाला कुलूप घालून तिने बेलघाटची बस धरली.

सान्वी घरच्या ओसरीत खाटेवर होती. मांडीपासून पोटरीपर्यंत पाय पट्ट्यांमध्ये जखडलेला. रामटेके सरही तिथंच होते. सान्वीच्या आईने पाणी दिलं, चहा दिला, पण बोलली नाही. घरी आलेल्या वैऱ्यालाही चहा द्यावा लागतो, ही आपली रीत मोठी अवघड आहे.

"डॉक्टर काय म्हणाले?" मोनालीने विचारलं.

"चालता येईन म्हणते," सान्वी म्हणाली. "उडी नाही मारता येनार आता. पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यात माहं नाव होतं. ते गेलं." मग तिने सरळ विचारलं, "मॅडम, मी टाइम मागितला होता. आमच्या रोशनीनंही मागितला. तुम्ही काहून नाही थांबवलं?"

"मले ऐकू नाही आलं, बेटा. खरंच नाही आलं."

रामटेके सरांनी फोन पुढे केला. त्यांच्या कोणा पालकाने कडेला उभं राहून सामना टिपला होता. मोनालीने पाहिलं. सान्वी पडते. तिचा पाय विचित्र वळतो. आणि लगेच तिचा आवाज, धारदार, मैदान चिरत जाणारा: "टाइम, मॅडम! टाइम!" मग दुसऱ्या पोरीचा. मोनाली त्यांच्यापासून चार ढांगांवर पाठमोरी धावते आहे आणि तिची मान जरासुद्धा हलत नाही. 

"आणि हा ढोल कोन वाजवून राहिलं?" तिने विचारलं.

"आमची मानसं," सर म्हणाले. "दोन गाड्या भरून आली होती. पूर्ण मॅचभर वाजवत होती."

मोनालीने पूर्ण सामन्यात ढोल ऐकलाच नव्हता. तिला आठवत होतं ते असं की बेलघाटचे लोक बिचारे गप्प उभे होते आणि धानोलीचे मात्र प्रत्येक धक्क्यावर हळहळत होते. ती हळहळ तिला नीट आठवत होती. प्रत्येक वेळी ती कानात येत होती, मऊ, जवळून, घरच्या माणसाने उसासा टाकावा तशी.

तिने व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून बघितला. यावेळी तिने चेंडू पाहिला नाही, आपली शिट्टी पाहिली. अटीतटीच्या धक्काबुक्कीत, जिथं निर्णय इकडेही जाऊ शकतो आणि तिकडेही, तिथं तिचा हात धानोलीकडे जात होता. एकदा नाही, दोनदा नाही, जवळजवळ दर वेळी. पंचाला स्वतःचा खोटेपणा इतरांच्या आधी कळतो, असं तिला वाटायचं. तिला काही म्हणता काही कळलं नव्हतं.

निघताना सान्वी म्हणाली, "त्या दुसऱ्या मॅडमले ऐकू आलं होतं."

"कोनाले? सारिका मॅडमले?"

"त्या समोर उभ्या होत्या ना. त्यांनी माह्याकडे पाह्यलं. मी हात वर केला. मग त्यांनी मान फिरवली."

"नाही बेटा," मोनाली पटकन म्हणाली. "त्यांच्याही कानात तेच मशीन असते. त्यांनाही नसन आलं ऐकू." मैत्रिणीसाठी ती ओसरीच्या पायरीवर उभी राहून भांडली, हे तिला पुढे फार दिवस टोचत राहिलं.

त्याच संध्याकाळी तिने सारिकाला फोन लावला. सारिकाने सगळं ऐकून घेतलं. "मशीन आहे वं, बिघडते कधीमधी. तू मनाले लावून घेऊ नको. मी कंपनीशी बोलते म्हटलं ना," ती म्हणाली. मोनालीला बरं वाटलं. पण नीट झोप लागली नाही, आणि दोन दिवसांनी कंपनीचा माणूस सगळी बुचं तपासायला क्रीडा संकुलात आला तेव्हा ती स्वतः त्याच्यापुढे जाऊन बसली.

हर्षल देवघरे नावाचा हा तरुण नागपूरहून आला होता. सरळ माणूस होता आणि त्याला वाटलं की मोनालीला सगळं ठाऊक आहे. त्यामुळे त्याने काही लपवलं नाही.

"बिघाड नाहीये मॅडम," तो म्हणाला. "हेच तर अडचणीचं आहे. ते फार चांगलं शिकलंय."

"काय शिकलं?"

त्याने चहाचा कप बाजूला सारला. "आम्ही चिपला एकच काम दिलं होतं. पंचाला इजा होऊ द्यायची नाही. प्रत्येक सामन्यानंतर तिला कळायचं, काही घडलं की नाही घडलं, मग ती नुसती अंगाजवळून गेलेली बाटली का असेना. नाही घडलं, तर त्या दिवशी जसं पाखडलं तसंच पुढेही पाखडायचं. घडलं, तर थोडं बदलायचं. सुरुवातीला ती फक्त शिव्या गाळायची. मग तिच्या लक्षात आलं, म्हणजे लक्षात असं काही येत नाही तिला, पण आकड्यांतून तिला सापडलं, की नुसत्या शिव्या गाळून बाटल्या थांबत नाहीत. बाटल्या थांबतात निर्णय घरच्या संघाकडे गेला की."

"पन निर्णय तर मी देते."

"हो, डोळ्यांनी देता. पण डोळ्याला शंका आली की मेंदू कानाला विचारतो. धक्का बसल्याबरोबर लोक हळहळले तर तोच धक्का जोरात लागल्यासारखा दिसतो. हे शास्त्रज्ञांना खूप आधीपासून माहीत आहे, बूच नव्हतं तेव्हाही घरच्या संघाला थोडा फायदा मिळायचाच. चिपने तेवढंच हेरलं. घरच्यांची हळहळ ती हलकेच आत सोडते आणि पाहुण्यांची पुसून टाकते. तुम्ही प्रामाणिकपणे घरच्यांना फ्री पास, म्हणजे चेंडू, देता. गर्दी खूश, पंच सुखरूप."

"पाहुने कोन हे तिले कसं कळते?"

"जो गळा, जो ढोल या मैदानावर आधी ऐकलेला नाही, तो पाहुण्यांचा. मग तो प्रेक्षक असो की खेळाडू. तिला तो फरक करता येत नाही."

 म्हणजे त्या पोरीची किंकाळी तिच्या कानापर्यंत आली होती आणि दाराशीच तिचा गळा दाबला गेला होता. कोणाच्या भल्यासाठी? मोनाली कापगतेच्या.

"हे तुमाले कधी कळलं?" तिने कसंबसं विचारलं.

"दिवाळीच्या आधीच. मी स्वतः इथं येऊन हटवार मॅडमना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, हंगाम होऊ द्या, पंचांना मी सांगते." बोलता बोलता तो एकेक डबी उघडून बूच तळहातावर तोलत होता. एक उचलून त्याने तसंच परत ठेवलं. "हे तपासायचं नाही. हटवार मॅडमचं आहे. ते तर तेव्हाच रिकामं करून दिलं त्यांना, आत काहीच नाही. नुसतं कवच. आवाज सरळ आरपार जातो."

मोनालीने ते उचललं. हातात काही आहे असं वाटतच नव्हतं. तिने ते कानात घातलं तर बाहेर झाडावर बसलेला कावळासुद्धा स्वच्छ ऐकू आला.

सारिका पंचांच्या खोलीत अंतिम सामन्याची तयारी करत होती. मोनाली आत आली आणि टेबलावर ते पोकळ बूच ठेवलं. सारिकाने त्याच्याकडे पाहिलं, मग उठून दार लावलं.

"तुले सांगनारच होती," ती म्हणाली.

"कधी?"

"हंगाम संपल्यावर."

"तुह्या कानातलं काढून घेतलं आन् माह्या कानात तसंच ठेवलं. काहून वं?"

"माह्याच्यानं नाही होत खोटं काम," सारिका पटकन म्हणून गेली आणि तिच्याच लक्षात आलं आपण काय बोललो ते.

"आन् माह्याच्यानं होते?"

"तू खोटं नव्हती करत! तुले माहीतच नव्हतं. तुह्या माथ्यावर पाप कायचं?" सारिकाचा आवाज चढला. "मोना, तुह्या केसातलं रक्त मी धुतलं आहे. तू वर्षभर घरात बसली होती, बाजारात गलका झाला तं थरथरायची. तुले सांगितलं असतं तं तू बूच फेकलं असतं आन् पुन्हा कोनीतरी तुहं डोस्कं फोडलं असतं. मले तू जिती पाहिजे होती. दोन-चार गुण इकडचे तिकडे झाले तं झाले, खेळच आहे ना तो?"

 सारिकाचं प्रेम खोटं नव्हतं, आणि तेच तर असह्य होतं. शत्रूने गळा कापला तर माणूस निदान ओरडतो तरी.

"एकच विचारते," मोनाली शेवटी म्हणाली. "ती पोट्टी पडली तेव्हा तुह्या कानात काहीच नव्हतं. तुले ऐकू आलं होतं?"

सारिका खिडकीबाहेर बघायला लागली.

"सारिके, तुले ऐकू आलं होतं?"

"तुह्या अर्ध्यात होती ती," सारिका म्हणाली. "दुसरीच्या अर्ध्यात शिट्टी वाजवत नाही आपन. मी वाजवली असती तं सगळ्यांनी विचारलं असतं, तुले ऐकू आलं आन् मोनालीले कसं नाही आलं."

म्हणजे तेवढ्या क्षणात तिने हिशेब केला होता. मोनालीला पिपरगावच्या मोरीतलं गार पाणी आठवलं, कपाळावर फिरणारा सारिकाचा हात आठवला, आणि तिला पहिल्यांदा त्या हाताची किळस आली. ती दार उघडून बाहेर पडली आणि घरी जाईपर्यंत रडत होती.

तिला वाटलं होतं, पंचांना खरं कळलं की सगळ्या जणी बुचं काढून फेकतील. अंतिम सामन्याच्या आदल्या दुपारी लीगची बैठक होती. तिथं तिने उभं राहून सगळं सांगितलं, व्हिडिओ दाखवला, हर्षलचं म्हणणं सांगितलं.  मग तुमाने बाई, ज्यांचा गेल्या वर्षीच गर्दीच्या माराने दात पडला होता, त्या म्हणाल्या, "तुहं खरं आहे मोनाली. पन मले घरी लहान लेकरं आहेत." दुसरी एक म्हणाली की पाहुण्यांच्याही गावात सामने होतात, तिथं त्यांचा फायदा होतो, म्हणजे फिटंफाट झालीच की. तिसरीने मान डोलावली. अध्यक्षांनी कंपनीला सुधारणा सुचवायचं ठरवलं, निकाल कायम ठेवला आणि समोसे मागवले. सान्वीचं नाव ठरावात आलं नाही.

मोनालीला यातल्या कोणाचा राग आला नाही, हे मी मुद्दाम सांगतो. भीती काय असते हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण त्या दिवशी त्या खोलीत तिचं माणूस असं कोणी उरलं नाही.

अंतिम सामना धानोलीतच होता, समोर नदीकाठचंच तिरवाडा नावाचं गाव. पंचांची नावं आधीच लागलेली होती, कापगते आणि हटवार. नवरा म्हणाला, नको जाऊ. तिने पँटला इस्त्री केली. बुचाची डबी दुकानाच्या खणात, जुन्या बटणांमध्ये टाकून दिली.

मैदानात दोघी समोरासमोर आल्या. सारिकाने सवयीने शिट्टी पुढे केली. मोनालीने आपली शिट्टी ओठांत धरली आणि आपल्या अर्ध्याकडे चालायला लागली.

आणि मग सगळा आवाज तिच्या अंगावर आला. किती दिवसांनी ती हे ऐकत होती! धानोलीची गर्दी, तिरवाड्याची गर्दी, पत्र्याचे डबे, पिपाण्या, आणि मधूनमधून तिच्या आईचा, तिच्या दुकानाचा, तिच्या कंबरेचा उल्लेख. तिच्या तळहातांना घाम आला. पाय आपटून लोकांनी बाकडी वाजवली तेव्हा भुवईवरचा जुना व्रण ठणकायला लागला. पहिल्या क्वार्टरमध्ये तिचा एक निर्णय चुकला, घाबरून चुकला, आणि तो धानोलीच्या बाजूने होता हे तिला लगेच कळलं. यावेळी तिला निदान कळलं. तिने शिट्टी घट्ट धरली आणि डोळे चेंडूवर ठेवले. मध्यंतरात सारिका संत्रं सोलून उभी होती. मोनाली नळावर जाऊन पाणी प्यायली.

सामना संपत आला होता, धानोली एका गुणाने पुढे. मोनालीच्या अर्ध्यात एक गोंधळ झाला. तिरवाड्याची एक बुटकी मुलगी रिंगखाली कोलमडली, चेंडू धानोलीच्या हातात गेला आणि सगळं मैदान ओरडलं. त्या कल्लोळात, कुठूनतरी खालून, एक बारीक आवाज आला. "मॅडम, टाइम."

मोनालीने शिट्टी वाजवली. धानोलीचा हल्ला तिथंच थांबला. पोरीच्या पोटरीत नुसता गोळा आला होता, दोन मिनिटांत ती उभी राहिली. मग मोनालीने हात वर करून त्या पोरीला आधी लागलेला धक्का धानोलीच्या नावावर टाकला आणि तिरवाड्याला गोल टाकायची संधी दिली. बरोबरी झाली. जादा वेळेत तिरवाडा जिंकलं.

आता गर्दी दोरी तुडवून आत यायला लागली. आयोजक कोणाच्या तरी फोनवर इशारा येईल याची वाट बघत उभे होते, आणि मोनालीच्या कानातून कुठलाही इशारा जाणार नव्हता. सामान गोळा करून ती फाटकाकडे निघाली. फाटकापर्यंतची वाट दोन्हीकडून माणसांनी भरली होती.

"मोना, थांब!" सारिका मैदानाच्या पलीकडून पळत आली. मधली रेषा ओलांडून आली. तिने ओढणी कमरेला खोचली होती, पिपरगावला खोचली होती तशीच, आणि एक हात मोनालीच्या खांद्यामागे पसरला होता. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "एकटी नको जाऊ वं. चाल, मी आहे ना. माह्या मागे राहा."

गर्दीतून काहीतरी येऊन मोनालीच्या पायाशी पडलं, चप्पल होती. तिला मनापासून वाटलं की डोळे मिटावेत आणि त्या हाताआड शिरावं. तिने तो हात खांद्यावरून काढला आणि शांतपणे खाली सोडला.

"माह्या अर्ध्यात येऊ नको, सारिका," ती म्हणाली.

सारिका जागच्या जागी थांबली. मोनाली पिशवी छातीशी धरून माणसांच्या मधून चालायला लागली. दोन्हीकडचे लोक काय काय म्हणत होते, तिला सगळं ऐकू येत होतं.